कुलपातले लोह

सात-आठ वर्षांपूर्वी आमच्याकडे एक संकरित गाय होती. व्याल्यावर आठवड्याच्या आत तिला ताप भरला. मागच्या एका सडातून पाणचट, गुठळ्यांचे दूध येऊ लागले आणि कास हाताला दगडासारखी लागू लागली. पुस्तकी भाषेत कासदाह, आमच्याकडे दगडी. पापणी उलटून पाहिली तर आतली बाजू पांढुरकी. त्या पावसाळ्यात गोचिडांनी तिला पार शोषून काढले होते. रक्त कमी म्हणजे लोह कमी, एवढे मला वाचून ठाऊक होते. तालुक्याला जाऊन लोहाचे इंजेक्शन आणले आणि पशुवैद्यकांच्या हातात दिले. त्यांनी बाटली उलटसुलट पाहिली, गोठ्याच्या कोनाड्यात ठेवली आणि म्हणाले, "हे आत्ता नको. ताप उतरू द्या, मग बघू."

"पण डॉक्टर, तिच्या अंगात रक्त नाही."

"रक्त नाही हे खरंय. पण आत्ता लोह दिलं तर ते गाईच्या कामी येईल की जंतूंच्या, हे मला सांगता येणार नाही."

तेव्हा मला ती टाळाटाळ वाटली. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. मी पशुवैद्यक नाही, सूक्ष्मजीवशास्त्राची पदवीही माझ्याजवळ नाही. त्या वाक्याचा माग काढत पुढची काही वर्षे जे वाचले आणि एकमेकांशी ताडून पाहिले, त्याचा हा लेख.

खुडूक कोंबडीखालचे अंडे

या विषयाची आधुनिक सुरुवात अंड्यापासून होते, म्हणून आपणही तिथूनच निघू. खुडूक कोंबडीला अंड्यांवर बसवले की ती २१ दिवस उठत नाही. अंड्यात पाणी आहे, प्रथिने आहेत, वर कोंबडीची ऊब आहे. कवचाला हजारो बारीक छिद्रे आहेत आणि बाहेर विष्ठा, माती, पेंढा. जंतू वाढायला याहून सोयीची जागा कोणती? तरीही बहुतेक अंडी नासत नाहीत.

पांढऱ्या बलकात जंतूंच्या भिंती फोडणारा लायसोझाइम असतो, हे अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या १९२२ सालच्या शोधामुळे कळले होते. पण लायसोझाइमला न जुमानणारे जंतूही बलकात वाढत नाहीत, त्याचे काय? १९४४ साली आर्थर शेड आणि लिओना कॅरोलाइन या अमेरिकन संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. आमांशाचे जंतू, पू करणारे स्टॅफिलोकॉकस, ई. कोलाय आणि यीस्ट यांच्या वाढीत त्यांनी कच्चा बलक मिसळला, वाढ थांबली. मग त्या मिश्रणात एकेक पोषक द्रव्य आणि खनिज घालून पाहिले. कशानेही फरक पडेना. लोह घातले आणि जंतू पुन्हा वाढू लागले.

म्हणजे बलक जंतूंना मारत नव्हता, उपाशी ठेवत होता. त्यातले एक प्रथिन लोहाला असे घट्ट धरून ठेवते की जंतूंच्या वाट्याला काही उरत नाही. त्या प्रथिनाला आज ओव्होट्रान्सफेरिन म्हणतात. दोनच वर्षांनी, १९४६ मध्ये, याच दोघांनी माणसाच्या रक्तद्रवात तसेच काम करणारे प्रथिन दाखवले. ते ट्रान्सफेरिन.

समुद्रात राहून तहानलेले

लोहासाठी एवढी मारामारी का व्हावी? पृथ्वीच्या कवचात वजनाने पहिल्या चार मूलद्रव्यांत लोह येते. कोकणातला जांभा लाल दिसतो तो लोहाच्या ऑक्साइडांमुळेच. पण त्या लाल रंगातच अडचण आहे. हवा आणि पाणी यांच्या संगतीत लोह गंजते, आणि गंजलेले लोह पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. सजीवाला मात्र विरघळलेले लोहच उचलता येते. श्वसनातून ऊर्जा मिळवायला आणि डीएनए नव्याने घडवायला लोहावर चालणारी एन्झाइमे लागतात. त्यामुळे पेशी गाईची असो वा जंतूची, दोघींना लोह हवेच.

शरीराला आणखी एक धोका सांभाळावा लागतो. मोकळे लोह ऑक्सिजनशी क्रिया करून पेशी पोळणारे रेणू तयार करते. म्हणून प्राण्यांच्या अंगात ते कधी उघड्यावर ठेवलेले नसते. माणसाच्या शरीरात सुमारे ३ ते ४ ग्रॅम लोह असते. त्यातले जवळजवळ दोन-तृतीयांश तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनमध्ये, बाकीचे बरेचसे यकृतात आणि भक्षक पेशींत, फेरिटिन नावाच्या प्रथिनाच्या पोकळ गोळ्यात साठवलेले. रक्तद्रवातून प्रवास करते ते अगदी थोडे, सुमारे ३ मिलिग्रॅम, आणि तेही ट्रान्सफेरिनच्या मुठीत. ट्रान्सफेरिनच्या एका रेणूला लोह धरायच्या दोन जागा असतात. निरोगी शरीरात एकूण जागांपैकी साधारण एक-तृतीयांशच भरलेल्या असतात. त्यामुळे चुकून मोकळे लोह रक्तात आलेच, तरी त्याला पकडायला रिकाम्या मुठी तयार असतात.

रक्तात शिरलेल्या जंतूची अवस्था मग समुद्रात तहानलेल्या माणसासारखी होते. आजूबाजूला लोह पुष्कळ, घोटभर मिळायची मारामार.

ताप आणि कुलूप

एवढ्यावर शरीर थांबत नाही. संसर्ग झाला की ते लोह आणखी लपवते. याचा एक सुरेख प्रयोग अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात मॅथ्यू क्लूगर आणि त्यांच्या सहकारी रोथेनबर्ग यांनी सशांवर केला. तो १९७९ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी निवडलेला जंतू होता पाश्चरेला मल्टोसिडा. नाव परके वाटेल, पण जंतू आपल्या ओळखीचा आहे. पावसाळ्याच्या तोंडाला गाई-म्हशींना ज्याची लस टोचतात त्या घटसर्पाचे कारण याच जंतूचे काही प्रकार.

सशांना संसर्ग झाल्यावर दोन गोष्टी घडल्या. ताप चढला आणि रक्तातले लोह उतरले. या दोहोंचा जंतूवर काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी संशोधकांनी तो जंतू प्रयोगशाळेत वेगवेगळ्या तापमानाला, कमी-अधिक लोहात वाढवला. सशाच्या नेहमीच्या तापमानाला लोह कमी असो की जास्त, जंतू सारखाच वाढला. तापाच्या तापमानाला लोह भरपूर असतानाही त्याचे काही बिघडले नाही. पण ताप आणि लोहाची टंचाई दोन्ही एकत्र आल्यावर त्याची वाढ खुंटली. या जंतूपुरते तरी एकटा ताप पुरत नव्हता आणि एकटी टंचाईही. याच गटाने त्याआधी वाळवंटी सरड्यांवर काम केले होते. सरड्याला आतून ताप आणता येत नाही. आजारी पडला की तो अधिक उष्ण जागी जाऊन बसतो. त्याच्याही रक्तातले लोह संसर्गात घटते, आणि जंतूंबरोबर लोहही टोचले तर मरणाऱ्या सरड्यांची संख्या वाढते, असे त्यांना दिसले.

हे लोह जाते कुठे? शरीराबाहेर नाही. रक्तातून उठून ते कोठारात बसते. कोठाराच्या किल्लीचा शोध २००० नंतर लागला. यकृतात तयार होणारा एक छोटा रेणू जंतूंना मारतो असे प्रथम दिसले, म्हणून यकृत आणि मारक या अर्थाचे शब्द जोडून त्याला हेप्सिडिन हे नाव मिळाले. पुढे कळले की त्याचे खरे काम लोहाची वाटणी सांभाळण्याचे आहे. आतड्याच्या आणि भक्षक पेशींच्या भिंतीत लोह बाहेर सोडणारे एक दार असते, फेरोपोर्टिन. हेप्सिडिन त्या दाराला चिकटते आणि दारच पेशीच्या आत ओढले जाऊन नष्ट होते. हे २००४ मध्ये सिद्ध झाले. संसर्गाची वर्दी मिळताच यकृत हेप्सिडिन वाढवते.

परिणाम काही तासांत दिसतो, आणि त्याचे कारण वरच्या आकड्यांत आहे. माणसाच्या रक्तद्रवात एका वेळी लोह असते सुमारे ३ मिलिग्रॅम, पण नव्या तांबड्या पेशी घडवायला अस्थिमज्जा दिवसाला २० ते २५ मिलिग्रॅम ओढून घेते. म्हणजे हा छोटा साठा दिवसातून अनेकदा रिकामा होतो आणि पुन्हा भरतो. भरणारे दार बंद झाले की तो आटणारच.

या सगळ्या बंदोबस्ताला शास्त्रज्ञ 'पोषणातून प्रतिकार' अशा अर्थाचे नाव देतात. इंडियाना विद्यापीठातील यूजीन वाइनबर्ग यांनी १९७०च्या दशकात ही कल्पना नेटाने मांडली.

कास आटते तेव्हा

गाईच्या कासेतही असाच बंदोबस्त आहे. दुधात लॅक्टोफेरिन नावाचे लोह धरणारे प्रथिन असते. दुभत्या गाईच्या दुधात ते फार थोडे. पण गाय आटवली की कासेत उरलेल्या द्रवात त्याचे प्रमाण महिन्याभरात शंभरपटीच्या आसपास वाढते. दुधात सायट्रेटही असते, लिंबातल्या आम्लाचेच रूप. सायट्रेट लोहाला सैल धरते, आणि ई. कोलाय सायट्रेटने धरलेले लोह उचलू शकतो. दुभत्या काळात सायट्रेट जास्त आणि लॅक्टोफेरिन कमी, म्हणून त्या जंतूचे फावते. गाय आटल्यावर पारडे उलटते. पूर्ण आटलेल्या कासेत ई. कोलायला टिकाव धरणे अवघड जाते. विताना लॅक्टोफेरिन घटते, सायट्रेट वाढते आणि दार पुन्हा किलकिले होते. आमची गाय नेमकी याच दिवसांत आजारी पडली होती.

सगळेच जंतू या कुलपाला भीक घालत नाहीत. कासदाह करणारा स्ट्रेप्टोकॉकस युबेरिस लॅक्टोफेरिनने फारसा अडत नाही. म्हणून व्यायच्या आधीपासून गोठा कोरडा आणि स्वच्छ ठेवण्याला पर्याय नाही, ही आपल्या म्हाताऱ्या माणसांची शिकवण विज्ञानालाही मोडता आलेली नाही.

चोरांच्या तऱ्हा

कुलूप आले की चोर आले. जंतूंच्या चोरीच्या मुख्य तऱ्हा दोन.

पहिल्या तऱ्हेत जंतू एक छोटा रेणू बनवून बाहेर सोडतो. तो लोह शोधतो, ट्रान्सफेरिनच्या मुठीतूनही ओढून काढतो आणि जंतूकडे परत येतो. अशा रेणूंना सायडेरोफोर म्हणतात, म्हणजे लोहवाहक. ई. कोलाय आणि त्याच्या भाऊबंदांचा एंटरोबॅक्टिन हा त्यांतला ठळक रेणू. लोहाला इतके घट्ट धरणारे रेणू निसर्गात फार थोडे आहेत. त्यावर प्राण्यांनीही उपाय काढला. त्यांच्या पांढऱ्या पेशी लायपोकॅलिन-२ नावाचे प्रथिन सोडतात आणि ते लोह घेऊन निघालेल्या एंटरोबॅक्टिनला वाटेतच धरते. हे प्रथिन बनवू न शकणारे उंदीर ई. कोलायच्या संसर्गात सहज दगावतात, असे २००४ मध्ये दिसले. पण साल्मोनेलाने त्यावरही तोड काढली आहे. तो आपल्या एंटरोबॅक्टिनला साखरेचे रेणू जोडतो. मग तो लायपोकॅलिनच्या पकडीत बसत नाही.

दुसरी तऱ्हा अधिक धीट. जंतू आपल्या अंगावरच ट्रान्सफेरिन पकडणारे आकडे उगवतो आणि त्यातले लोह थेट काढून घेतो. घटसर्पाच्या गुरांतून वेगळ्या केलेल्या पाश्चरेला जंतूंमध्ये असे आकडे सापडले आहेत, आणि ते गाईच्या ट्रान्सफेरिनला धरतात. डुकरांना फुप्फुसाचा रोग करणारा एक जंतू डुकराचेच ट्रान्सफेरिन ओळखतो. माणसाच्या मेंदूआवरणाचा दाह करणारा मेनिंगोकॉकस माणसाचे ओळखतो, गाईचे नाही. एखादा रोग एका प्राण्याला होतो आणि शेजारच्याला होत नाही, याचे एक कारण या किल्ल्यांत आहे. माकडे, वानरे आणि माणूस यांच्या ट्रान्सफेरिनची तुलना करणाऱ्या २०१४ सालच्या अमेरिकन संशोधनात असे दिसले की जिथे जंतूचे आकडे अडकतात नेमक्या त्याच जागा उत्क्रांतीत झपाट्याने बदलत आल्या आहेत. कुलूप बदलायचे, चोराने नवी किल्ली घडवायची, असे कोट्यवधी वर्षे चालू आहे.

एक जंतू या खेळातूनच उठून गेला. गोचिडांच्या चाव्यातून पसरणाऱ्या लाइम रोगाचा बोरेलिया लोह जवळजवळ वापरतच नाही; त्याचे काम मँगनीजवर भागते. त्याला लोहाचे कुलूप लावून उपयोग काय?

प्लेगचा अधू जंतू

लोह हाताशी आले तर काय होते, याची सर्वांत हादरवणारी साक्ष प्लेगच्या जंतूची आहे. मुंबई-पुण्याच्या वाचकाला प्लेग नव्याने सांगायला नको. १८९६ साली तो मुंबईत आला आणि पुढच्याच वर्षी हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात बनवलेली लस स्वतःला टोचून घेतली. ती मारलेल्या जंतूंची लस होती. जिवंत पण अधू केलेले जंतू वापरता येतील का, याचा शोध नंतर बराच काळ चालू राहिला.

त्या शोधात प्लेगच्या जंतूचे असे प्रकार मिळाले, जे उंदराच्या कातडीखाली टोचले तरी उंदीर मरत नसे. १९५६ साली ब्रिटनमधील जॅक्सन आणि बरोज यांनी अशा निरुपद्रवी जंतूंबरोबर उंदरांना लोहही टोचले. जंतू पुन्हा जीवघेणे झाले. पुढे कळले की या प्रकारांनी लोहवाहक बनवणारी जनुकेच गमावली होती. त्यांचे विष कायम होते, फक्त चोरीचे हत्यार गेले होते. लोह आयते पुरवले की हत्याराची गरज उरली नाही.

२००९ मध्ये शिकागो विद्यापीठातील एक जनुकशास्त्रज्ञ अशाच अधू जंतूवर काम करत होते. जंतू सुरक्षित मानला गेला होता. ते आजारी पडले आणि दगावले. त्यांच्या रक्तात तोच जंतू सापडला. शवविच्छेदनानंतर उलगडा झाला. त्यांना शरीरात लोह साठत जाण्याचा आनुवंशिक विकार होता, आणि तो असल्याचे निदान आधी झालेले नव्हते. उंदरांत १९५६ साली सुईने जे घडवले होते, ते इथे शरीराच्या साठ्याने केले असावे, असा निष्कर्ष तपास करणाऱ्यांनी काढला. तसाच विकार असलेल्या उंदरांवर पुढे प्रयोग झाले आणि त्यांतही हा अधू जंतू घातक ठरला.

उणीव आणि लपवणूक

हे सारे वाचून कोणी लोहाच्या गोळ्या फेकून देईल, तर तो या लेखाचा उलटा अर्थ होईल. लोहाची खरी उणीव फार वाईट. डुकराच्या पिलाचे उदाहरण घ्या. ते थोडेसे लोह घेऊन जन्मते, झपाट्याने वाढते आणि त्याला दिवसाला सुमारे ७ मिलिग्रॅम लोह लागते; आईच्या दुधातून मिळते जेमतेम १ मिलिग्रॅम. मातीत नाक खुपसणाऱ्या पिलाला बाकीचे मातीतून मिळू शकते. सिमेंटच्या फरशीवर वाढणारे पिलू लोह टोचले नाही तर पांढरे पडते, खंगते. शिवाय प्रतिकार करणाऱ्या पेशींनाही स्वतःला वाढायला लोह लागतेच.

मात्र रक्तात लोह कमी दिसण्याची कारणे दोन असू शकतात. एक, ते शरीरातच नाही. दोन, ते आहे, पण कुलपात ठेवले आहे. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात: पांढरी पापणी, मंदावलेली चाल, अहवालातला खालचा आकडा. फेरिटिनची तपासणी हा फरक दाखवायला मदत करते, कारण खऱ्या उणिवेत ते घटते आणि जळजळ-संसर्गात वाढते. दोन्ही कारणे एकाच शरीरात एकत्र असली, तर वैद्याची खरी परीक्षा होते.

वैद्यकाला याची चाहूल फार आधी लागली होती. एकोणिसाव्या शतकात पॅरिसचे आर्मां त्रूसो आपल्या व्याख्यानांत बजावत असत की दबून असलेल्या क्षयाच्या रोग्याला लोह दिले तर क्षय उसळतो. १९७८ साली ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात लोहाची उणीव असलेल्या १३७ सोमाली भटक्या लोकांचा अभ्यास आला. काहींना लोह दिले, काहींना नुसतीच दिसायला तशी गोळी. नुसती गोळी घेतलेल्यांत संसर्गाचे ७ प्रसंग घडले, लोह घेतलेल्यांत ३६. त्यांत आधीपासून दबलेले हिवताप, क्षय आणि जनावरांकडून येणारा ब्रुसेलोसिस उफाळून येण्याचे प्रसंगही होते. या लोकांना उणीव खरीच होती. तरीही तिला भरून काढण्याची वेळ आणि रीत चुकली, की भरपाईत चोराचाही वाटा निघतो.

जंतूची ही हाव आता त्याच्यावरच उलटवण्याचे प्रयत्न चालू आहेत. लोहवाहकाला औषध जोडले, की जंतू ते लोह समजून स्वतःच आत ओढतो. या तत्त्वावरचे सेफिडेरोकॉल हे प्रतिजैविक २०१९ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. गुरांसाठी जंतूंच्या लोह उचलणाऱ्या दारांवरच बेतलेल्या लसीही तिकडे आल्या आहेत.

आमच्या गाईचा ताप चार दिवसांनी उतरला. कास हळूहळू मोकळी झाली, पण तो एक सड कायमचा गेला. डॉक्टरांनी आधी गोचिडांचा बंदोबस्त केला आणि तीन आठवड्यांनी कोनाड्यातली बाटली स्वतःच मागून घेतली. "आता द्यायला हरकत नाही," म्हणाले. लोह आधी दिले असते तर काय झाले असते, हे मला कधीच कळणार नाही. एका गाईवरून काही सिद्धही होत नाही. पण महिन्याभराने तिची पापणी उलटून पाहिली तेव्हा आतली बाजू गुलाबी झाली होती, आणि त्या दिवशी मला ते वाक्य पहिल्यांदा नीट कळले.